अनणसुखाची गाडी



चारचाकी घेतल्याची हकीगत या पानावर लिहावी की लिहू नये, याचा मी बरेच दिवस विचार करीत होते. आपल्या समाजात आजही किती घरांत लेकरांची फी भरताना ओढाताण होते, हे मी शिक्षिका म्हणून तीस वर्षे पाहिले आहे. अशा वेळी "आम्ही गाडी घेतली" असे छापून आणणे म्हणजे मिरवणे होईल, असे वाटत होते. पण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "लिही की. चोरून आणली का काय? अन् कशी आणली ते बी लिही. नुसतं आणली म्हणून लिहू नगंस." म्हणून लिहिते. हकीगत गाडीची आहे, पण सुरुवात गाडी नसण्यापासून झाली.

आम्ही सेलू तालुक्यातल्या वालूरचे. चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे आमच्या गावाचे नाव आता लांबलांबच्या लोकांना ठाऊक झाले आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. लेक-जावई पुण्यात आहेत. घरात आम्ही दोघे आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई. जाण्यायेण्याला यांची मोटारसायकल, नाहीतर एस.टी. एवढ्यात आमचे भागत होते.

जुलै २०२४ मधली एक रात्र. पाऊस लागून राहिलेला. साडेबाराच्या सुमारास आत्याबाईंना धाप लागली. आडवे पडवेना, बसवेना. ओठ काळसर दिसू लागले. यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती आणि यायला तास-दीड तास लागणार होता. मोटारसायकलवर त्यांना धरून बसवणे शक्यच नव्हते. गावात भाड्याची जीप असलेले एक गृहस्थ आहेत. हे भिजत त्यांच्या दारात गेले. त्यांनी आतूनच सांगितले, "टायर बसलाय, गुरुजी. सकाळी बघू." जीप अंगणात उभी होती. अंधारात टायर काही दिसला नाही.

शेवटी माझ्या चुलत पुतण्याने भाजीचा टेम्पो काढला. रिकाम्या पोत्यांवर गोधडी टाकून आत्याबाईंना बसवले, वरून ताडपत्री धरली, आणि मी त्यांना पाठीमागून मिठी मारून बसले. सेलूला सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तिथून परभणीला नेले. फुप्फुसात पाणी झाले होते. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होते. आठ दिवसांनी आत्याबाई घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जीप भाडे घेऊन गेल्याचे आम्हाला कळले. रात्रीतून पंक्चर निघाले असेल. नसेलही. त्यांनी आळस केला, पावसाला भ्याले, की आमची वस्ती म्हणून नकार दिला, हे मला आजही ठाऊक नाही. कुणावर खोटा आळ घेऊ नये. पण सांगायचे हे, की नकार आला की आपल्या मनात तो एक प्रश्न उभा राहतोच. दुसऱ्या कुणाला नकार आला तर तो म्हणतो, "माणूस आळशी आहे." आपण मात्र रात्रभर विचार करीत बसतो. हा विचार करीत बसण्याचा त्रास नकारापेक्षा मोठा असतो.

त्या आठ दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून मला बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा पुन्हा आठवले. त्या छोट्याशा आत्मकथनातल्या दोन आठवणी वाहनाच्याच आहेत. पहिली १९०१ सालची. वडील सुभेदार रामजी गोरेगावला खजिनदार होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालत येणार. दुसरी आठवण १९२९ सालची. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, सरकारी चौकशी समितीचे सदस्य होते. चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार झाला नाही. तेव्हा वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्या बिचाऱ्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

ही दुसरी आठवण मी शाळेत असल्यापासून वाचत आले आहे. पण तिच्यातली एक गोष्ट मला त्या बाकावर बसल्यावरच उमगली. नकार देणाऱ्याला उत्तर म्हणून वाहन मिळवले, तरी तेवढ्याने भागत नाही. ते चालवता आले पाहिजे. स्वाभिमान पाहिजेच, पण त्याच्या जोडीला कसब पाहिजे. हे पुढे माझ्या कामी आले.

आत्याबाई घरी आल्यावर लेकीने फोनवरच ठरवून टाकले, "आई, आपण गाडी घेऊ. नवीन. हप्ते मी भरते." जावईबापूही तसेच म्हणाले. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण 'हप्ता' हा शब्द ऐकला आणि आत्याबाई उठून बसल्या. "कर्ज काढून?" त्या म्हणाल्या. "तसं असंल तर मला टेम्पोतच न्या."

त्यांचे हे बोलणे नव्या पिढीला हट्टाचे वाटेल. पण आमचे सासरे जन्मभर सालगडी होते. लग्नासाठी घेतलेली उचल फेडता फेडता सात वर्षे गेली, आणि ती फिटायच्या आत आजारपणासाठी दुसरी घ्यावी लागली. पाडव्याला साल बदलायचे, मालक तोच राहायचा. आत्याबाई सांगतात, "घरात भाकर होती, पण ती मालकाच्या वहीत लिहिलेली असायची." सासऱ्यांनी मुलाला शिकवले ते एकाच अटीवर, की पुन्हा कुणाच्या वहीत या घराचे नाव लागू द्यायचे नाही.

त्याच वर्षावासात आमच्या विहारात भन्तेजींनी अंगुत्तर निकायातल्या एका सुत्ताचे विवेचन केले. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. पहिले अत्थिसुख, म्हणजे कष्टाने, न्यायाने मिळवलेले आपल्याजवळ आहे, याचे सुख. दुसरे भोगसुख, म्हणजे ते स्वतःसाठी आणि चांगल्या कामासाठी वापरण्याचे सुख. तिसरे अनणसुख, कुणाचे लहानमोठे ऋण नसल्याचे सुख. आणि चौथे अनवज्जसुख, आपल्या हातून निंद्य असे काही घडले नाही, याचे सुख. पहिली तिन्ही सुखे मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत, असे तथागत सांगतात. भगवान बुद्धांनी गृहस्थाला पैसा वाईट म्हणून सांगितले नाही, उपभोगही वाईट म्हणून सांगितला नाही. पण त्यांच्या शेजारी अनणसुख ठेवले. आत्याबाईंना पाली येत नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट त्यांनी उचलीच्या वहीतून शिकली होती.

तेव्हा ठरले, की गाडी घ्यायची, पण आमच्या निवृत्तीच्या पैशातून बसेल तेवढीच, आणि औषधपाण्याच्या ठेवीला हात न लावता. रोख हिशेब केला तेव्हा चौदा लाखांच्या आतच राहायचे, हे स्पष्ट झाले.

आता कोणती गाडी? इथे आमच्या ह्यांचा अधिकार चालला. अट पहिली, आत्याबाईंचे गुडघे. खाली बसणाऱ्या मोटारीत त्यांना वाकून शिरता येत नाही आणि उंच जीपमध्ये पाय टाकता येत नाही. दोन्हींच्या मधल्या उंचीची जी छोटी एसयूव्ही असते, जिला क्रॉसओव्हर म्हणतात, तिची सीट बरोबर त्यांच्या कमरेला येते. सांगाडा मोटारीचा, उंची जीपची, असा तो प्रकार. काळ्या मातीच्या आमच्या रस्त्यांवर पावसाळ्यात खालून घासणार नाही, हा आणखी एक फायदा. अट दुसरी, पेट्रोल. परभणी जिल्ह्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. मनमाडजवळच्या डेपोतून टँकरने लांबवर येणारे आमच्याकडचे पेट्रोल राज्यात महागात महाग असते. २०२२ साली ते लिटरला १२० रुपयांच्या पुढे गेले होते. पुढे ते खाली आले, तरी शंभराच्या वरच राहिले.

लेक म्हणाली, "मग विजेवरची घ्या." कल्पना चांगली होती. पण वादळवाऱ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी रात्रभर येत नाही, आणि गाडीची गरज नेमकी अशाच रात्री लागते. तेव्हा जावईबापूंनी हायब्रीडचे नाव काढले.

हायब्रीड म्हणजे काय, हे समजून घ्यायला आम्हाला दोन दिवस लागले. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असतेच, शिवाय विजेची मोटार आणि एक लहान बॅटरी असते. ही बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. उतारावर किंवा ब्रेक दाबल्यावर एरवी जी ताकद उष्णता होऊन वाया जाते, तिच्यातून मोटारच वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. इंजिनही लागेल तशी भर घालते. मग गाडी हलवताना, गर्दीत, हळू चालताना ती वीज वापरली जाते आणि इंजिन बंद राहते. जपानमध्ये टोयोटा कंपनीने १९९७ साली प्रियस ही अशी गाडी बाजारात आणली. आपल्याकडे २०२२ साली मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या दोन छोट्या एसयूव्ही या पद्धतीत निघाल्या. दोन्हींची यंत्रणा एकच, इंजिन दीड लिटरचे तीन सिलिंडरचे, आणि कंपनीने सांगितलेले अ‍ॅव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर. या दोन्हींतली एक आम्ही घेतली. कोणती, ते लिहीत नाही, नाहीतर लेखाची जाहिरात व्हायची.

आमचे मेहुणे विनोदाने म्हणाले, "घ्या, पेट्रोल बी नाही अन् वीज बी नाही, हा तर तथागतांचा मध्यम मार्ग झाला!" सगळे हसले. पण हे म्हणाले, "मध्यम मार्ग गाडीत नसतो दाजी, घेणाऱ्याच्या हिशेबात असतो." आणि त्यांनी वही काढली.

तो हिशेब वाचकांच्या उपयोगाचा आहे म्हणून देते. आमचा प्रवास महिन्याला साधारण ६०० किलोमीटर. साध्या पेट्रोल गाडीने आमच्या रस्त्यांवर लिटरला १५ दिले तर ४० लिटर लागते. हायब्रीडने २२ दिले, असे कमीच धरले, तर २७ लिटर. महिन्याला जवळपास १३ लिटर, म्हणजे वर्षाला सोळा हजार रुपयांच्या आसपास वाचतात. पण नव्या हायब्रीडची किंमत साध्या गाडीपेक्षा दोन लाखांहून जास्त पडत होती. ते भरून निघायला बारा वर्षांहून अधिक लागतील. म्हणजे आमच्यासारख्या थोड्या प्रवासाला नवी हायब्रीड परवडत नाही, हे कागदावरच दिसले. मात्र एक-सव्वा वर्ष वापरलेल्या गाड्यांत हा फरक आम्हाला नव्वद हजारांवर आलेला दिसला. तो साडेपाच वर्षांत भरून निघतो.

शिवाय गाडी ही सोन्यासारखी वस्तू नाही. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरते. विमा कंपन्यांच्या नियमातच हे आहे. सहा महिन्यांनंतर १५ टक्के, वर्षानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर ३० टक्के किंमत कमी धरतात. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के एकरकमी रस्ता कर पडतो, तोही पहिल्या मालकाने भरलेला असतो. नवेपणाचा वास घेण्याचे एवढे पैसे पडतात. तो वास आम्हाला नको होता.

गाडी शोधायला आम्ही दोघे पुण्याला लेकीकडे गेलो. एका जुन्या गाड्यांच्या दुकानात चकचकीत गाडी दाखवली. दहा महिन्यांची, किंमतही आवाक्यातली. दुकानदार म्हणाला, "काका, आजच टोकन द्या, संध्याकाळी राहणार नाही." यांनी टोकन दिले नाही, आर.सी. मागितले. सातबाऱ्यावर जसा बोजा असतो तसा तिथे कर्ज देणाऱ्याचा बोजा चढवलेला होता आणि तो उतरल्याचा कागद दुकानदाराजवळ नव्हता. "तो येईल हो दोन महिन्यांत," तो म्हणाला. मग यांनी सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्या. शेवटच्या नोंदीतले किलोमीटर गाडीच्या काट्यावरच्या किलोमीटरपेक्षा जास्त होते. हे काही बोलले नाहीत. चष्मा खिशात घातला आणि म्हणाले, "चला." बाहेर आल्यावर म्हणाले, "कमी दिसणाऱ्या काट्याला मी तीस वर्षं ओळखतो."

तीन आठवड्यांनी मनासारखी गाडी मिळाली. एका कुटुंबाने चौदा महिने वापरलेली, अकरा हजार किलोमीटर चाललेली. ते परदेशी चालले होते. ही गाडी तपासायला गेलो तेव्हा एक मजा झाली. यांनी बटण दाबले आणि कान लावून बसले. काहीच आवाज नाही. पुन्हा दाबले. "चालू होत नाही," हे म्हणाले. मालकांचा मुलगा हसून म्हणाला, "काका, ती चालूच आहे." जन्मभर इंजिनच्या आवाजावरून दुखणे ओळखणारा माणूस, त्याच्यापुढे मुकी गाडी! बोनेट उघडले तर आत नारिंगी रंगाच्या जाड वायरी. या नारिंगी वायरींत मोठ्या दाबाची वीज असते, त्यांना प्रशिक्षण नसलेल्याने हात लावायचा नाही. यांनी दोन्ही हात मागे घेतले आणि सरळ सांगितले, "हे माझ्या शिक्षणाबाहेरचं आहे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखवू." पैसे देऊन तिथे तपासणी करून घेतली. आपल्याला कुठपर्यंत येते, हे ओळखणे हेही कसबच आहे.

ज्यांना अशी गाडी घ्यायची असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. आर.सी.वरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर ३५ नंबरचा अर्ज आणि बँकेचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर सह्या घ्याव्यात, थकलेला दंड आहे का ते पाहावे. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करावा, आणि मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. हायब्रीडच्या मोठ्या बॅटरीला कंपनी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते. मालक बदलल्यावर ती पुढे कशी चालेल, हे लेखी घ्यावे. आणि डिकी उघडून पाहावी. बॅटरी मागे असल्यामुळे जागा कमी असते. आत्याबाईंचा वॉकर मावतो, पण चाकांची खुर्ची ठेवायची तर मागची सीट पाडावी लागते.

सौदा १३ लाख ६० हजारांना झाला. आम्ही आनंदात आत्याबाईंना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "इसावा काढला का?"

आम्ही दोघेही गप्प झालो. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाने आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले होते. सासरे सालगडी असूनही सुगीला मिळालेल्या धान्यातून विसावी पायली बाजूला काढायचे. आम्ही पगार होता तेव्हा देत आलो होतो, पण निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा "बघू, पुढे देऊ" म्हणून राहिले होते. ते पुढे काही आले नव्हते. १३ लाख ६० हजारांचा विसावा हिस्सा ६८ हजार होतो. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की एवढ्यात दोन वर्षांचा विमा आणि चार टायर होतील.

आत्याबाई म्हणाल्या, "गाडीला पैसे हायेत अन् बाबासाहेबाला न्हाईत, असं कसं? त्या रातीला मी टेम्पोत बसले म्हणून गाडी आली. तो टेम्पो घ्यायला पोराला कुणी शिकिवलं?" खरे होते. माझा तो पुतण्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून दहावी झालेला. तिथे आज पावसाळ्यात पत्रे गळतात. आम्ही ६८ हजार रुपये अभ्यासिकेच्या पत्र्यांना आणि बाकड्यांना दिले. कमिटीचे लोक संगमरवरी पाटीवर नाव कोरायचे म्हणत होते. यांनी हात जोडले. "नाव लावलं तर तो विसावा हिस्सा राहत नाही, जाहिरात होते," एवढेच म्हणाले.

बुद्धपौर्णिमेला, १२ मे २०२५ रोजी, गाडी वालूरला आली. शेजारच्या आळीतल्या बायकाही बघायला आल्या. एकीने सहज विचारले, "बाई, नारळ नाही फोडला? लिंबू-मिरची तरी बांधा, नजर लागंल." मी म्हटले, "आमच्याकडे तसं नसतं बाई. सीटबेल्ट बांधू तेवढा." मग आम्ही सर्वांनी गाडीशेजारी उभे राहून त्रिशरण-पंचशील घेतले. पाचवे शील म्हणताना हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हे शील ड्रायव्हरसाठीच सांगितलंय." नंतर आत्याबाईंना पुढच्या सीटवर बसवून बारवेपर्यंत एक फेरी मारून आणली. गाडी आवाज न करता निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही चालते का सरकते गं?"

त्याच दिवशी मी घरात जाहीर केले, की मी गाडी शिकणार. वय एकोणसाठ. हे म्हणाले, "शेतात नेऊन मी शिकवतो." मी नको म्हटले. मला चाळीसगावचा टांगा आठवत होता. शिकायचे तर रीतसर. परभणीच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले, शिकाऊ लायसन काढले, महिनाभर एस.टी.ने जाऊन शिकले. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची मुले, आणि मी त्यांच्या आजीच्या वयाची. पहिल्या दिवशी उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा की डावा, इथून सुरुवात. आमच्या गाडीला क्लच नाही, गिअर हाताने बदलावे लागत नाहीत, त्यामुळे घरी सराव सोपा गेला. पुढे परीक्षा देऊन लायसन हातात आले, तेव्हा शाळेची नोकरी लागली होती तेवढा आनंद झाला.

भाद्रपदात एके दिवशी ते जीपवाले गृहस्थ आमच्या अंगणात आले. गाडीभोवती फिरले, बोनेट उघडायला लावले, अ‍ॅव्हरेज विचारले. यांच्या वहीतले आकडे खरे होते, तेच सांगितले. गावातल्या आणि सेलूच्या रस्त्यावर बावीस-तेवीस, मोठ्या रस्त्यावर नव्वदच्या वेगाने हाणली तर त्याहून कमी. कंपनीचा आकडा आम्हाला काही मिळालेला नाही. चहा झाला. उठताना ते चप्पल घालता घालता खाली मान घालून म्हणाले, "बाई, त्या रात्री टायर खरंच बसला होता."

मी त्या रात्रीबद्दल त्यांना कधी एक शब्दही बोलले नव्हते. ना त्यांना, ना गावात कुणाला. तरी वर्षभर ती रात्र त्यांच्याही मनात राहिली होती. मी म्हटले, "असेल भाऊ." खरे काय होते ते मला तेव्हाही कळले नाही. पण त्या दिवसापासून तो प्रश्न मला रात्री जागवत नाही. आता आमची गाडी त्यांच्या होकारावर अवलंबून नाही, हे एक कारण. आणि तेही विचार करीत बसले होते, हे दुसरे.

गेल्या हिवाळ्यात हे लेकीकडे गेले होते. पहाटे तीनला दार वाजले. पलीकडच्या आळीतला एक मुलगा उभा होता. आमच्या वस्तीतला नव्हे. बायकोला कळा सुरू झालेल्या, पहिलटकरीण. तो दाराबाहेरच उभा राहून म्हणाला, "काका हायेत का?" मी म्हटले, "काका नाहीत, मी आहे." त्याचा चेहरा पडला. "मग गाडी?" "गाडी मी चालवते," मी म्हटले आणि खुंटीवरची किल्ली घेतली. पोरीला आणि तिच्या सासूला मागे बसवले. धुके होते, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर होत्या. मी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. पोरगी कण्हत होती, सासू "हळू चालवा बाई, हळू" म्हणत होती, आणि मी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांचे एकेक वाक्य मनात घोकत होते. सेलूला पोहोचलो. उजाडता उजाडता मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्या सासूने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी आले तेव्हा आत्याबाई जाग्याच होत्या. काय झाले, किती वाजता झाले, मुलगा की मुलगी, यातले काहीच त्यांनी आधी विचारले नाही.

"पैसे घेतलेस का?" त्यांनी विचारले.

"नाही, आत्याबाई."

"तेलाचे बी न्हाई?"

"नाही."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळून झोपल्या. मी किल्ली पुन्हा खुंटीला लावली.

नमो बुद्धाय! जयभीम!